स्पॅनिशची घरोघरची बोली

क्यूबातल्या हवाना शहरात एखादी बाई 'मी ग्वाग्वाची वाट पाहते आहे' असे म्हणाली, तर समजावे की तिला बस गाठायची आहे. हेच वाक्य चिली देशात उच्चारले, तर ऐकणारा तिचे अभिनंदन करील. तिकडे ग्वाग्वा म्हणजे तान्हे मूल! दोघीही बोलतात स्पॅनिशच.

सुमारे वीस देशांचा कारभार आज या भाषेत चालतो. १४९२ साली कोलंबस निघाला, त्याच्यामागून जी गलबते गेली त्यांत दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांताची माणसे पुष्कळ होती. त्यांचाच उच्चार अमेरिकेत रुजला. माद्रिदमध्ये 'कासा' म्हणजे घर आणि 'काथा' म्हणजे शिकार. अमेरिकेत दोन्ही 'कासा'च. संदर्भाने ओळखायचे!

आणि मग तिकडच्या मूळच्या लोकांचे शब्द आले. टोमॅटो, चॉकलेट हे शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतले. आपला बटाटासुद्धा कॅरिबियन बेटांवरच्या बोलीतून निघून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे पोचला. गंमत अशी, की ब्वेनोस आइरेसच्या मंडईत आज 'बाताता' मागाल तर पदरात रताळे पडेल. बटाट्याला तिथे 'पापा' म्हणतात, आणि स्पेनमध्ये 'पाताता'.

पण शिक्षकांनी कान द्यावा अशी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या 'तू'सारखा स्पॅनिशमध्ये 'तू'च आहे, आणि अहो-जाहो करायला 'उस्तेद'. कोलंबियाच्या काही डोंगराळ भागांत आई पोटच्या पोरालाही 'उस्तेद' म्हणते! याखेरीज 'वोस' नावाचे एक जुने सर्वनाम आहे. स्पेनने ते टाकले; अर्जेंटिनाने मात्र जिवापाड जपले.

आंद्रेस बेल्यो हे व्हेनेझुएलात जन्मलेले मोठे पंडित, चिलीच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. लॅटिनसारखी स्पॅनिशचीही शकले होतील, ही त्यांची भीती. १८४७ साली त्यांनी खास अमेरिकेतल्या लोकांसाठी व्याकरण लिहिले. हे काम थोरच. पण 'वोस' त्यांना गावंढळ वाटे, आणि चिलीच्या शाळांनी त्याच्यामागे छडी घेतली. सर्वनाम बरेचसे हटले, पण त्याचे क्रियापद काही हटले नाही. चिलीतली तरुण मंडळी आजही 'तू' म्हणतात आणि प्रत्यय लावतात 'वोस'चा!

पाराग्वेत याहून कठीण प्रकार झाला. तिथे घरात बोलतात ग्वारानी. शाळेत ती तोंडातून निघाली की पूर्वी मुलांना शिक्षा होई. १९९२च्या राज्यघटनेने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. तोवर किती मुले वर्गात मुकी बसली असतील, कोण जाणे. मीही शिकवतो, म्हणून हे मनाला जरा लागते.

अर्जेंटिनात शिक्षा नव्हती, पण सोंग होते. गुरुजी फळ्यावर 'तू त्येनेस', म्हणजे 'तुझ्याकडे आहे', असे लिहीत. पोरे ते पाठ करीत. मधली सुट्टी झाली की तेच गुरुजी अंगणात 'वोस तेनेस' म्हणून हाका मारीत. अर्जेंटिनाच्या भाषा-अकादमीने १९८२ साली 'वोस' शिष्टसंमत ठरवला, तेव्हा कुठे फळा आणि अंगण यांची भाषा एक व्हायला लागली.