सुरंगी: पानांमागची फुलं

वेंगुर्ला, सावंतवाडी आणि गोव्याच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, दिसू लागतात. ते जिथून येतात ते झाड मात्र लांबून पाहिलं, तर फुलल्याचं कळतही नाही. गर्द हिरव्या पानांचा नुसता डेरा दिसतो.

सुरंगी पश्चिम घाटातली आणि कोकणातली. उंडी आणि नागचाफा तिच्याच कुळातले. झाड सदाहरित आहे, म्हणजे पानं गळतच नाहीत असं नव्हे. ती एकदम न गळता थोडीथोडी गळतात आणि नवी येत राहतात. पान जाड, चामड्यासारखं असतं. वरच्या चकचकीत थरामुळे पाणी कमी उडतं, म्हणून पावसाशिवायचे महिनेही झाड हिरवं राहून काढतं.

खरी गंमत फुलण्यात आहे. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो. सुरंगीच्या कळ्या मात्र मागच्या, जुन्या, पानं गळून उघड्या पडलेल्या फांदीवर सालीतून झुबक्यांनी फुटतात. कळी म्हणजे छोटा गोल मणीच. तिचं बाहेरचं आवरण पूर्ण मिटलेलं असतं आणि फुलताना त्याची दोन शकलं होतात. आत चार पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ. फूल उमललं की मधमाश्या तुटून पडतात. तसं फूल मग फार टिकत नाही.

म्हणून सगळा व्यवहार मिटल्या किंवा अर्धवट उमललेल्या कळीचा. ती पहाटे, ऊन चढण्याआधी काढतात. लगेच ओवली तर वळेसार, वाळवली तर अत्तरवाल्यांचा माल. वाळल्यावरही सुगंध राहतो, हा सुरंगीचा मोठा गुण. बकुळीत तो आहे, मोगऱ्यात नाही. वाळल्या कळ्यांनी पूर्वी रेशीमही रंगवत.

बी लावणाऱ्याला मात्र धीर हवा. काही झाडांना केवळ नरफुलंच येतात. त्यांना फळ धरत नाही आणि रोप लहान असताना हा भेद ओळखता येत नाही.

उंच झाडावर चढून एकेक कळी खुडणं कष्टाचं आणि जोखमीचं काम. त्यामुळे काही ठिकाणी डहाळीच मोडून खाली टाकतात. हे मला साफ चुकीचं वाटतं. सुरंगी जुन्या फांदीवर फुलते. आज मोडलेल्या फांदीच्या जागी नवी फांदी फुटून, जून होऊन फुलायला बरीच वर्षं जातात. तुमच्या परड्यात सुरंगी असेल, तर कळ्या काढणाऱ्याला शिडी द्या, कोयता नको.