क्षिप्राकाठची वेधशाळा

उज्जैनची जीवाजी वेधशाळा शहराच्या नैर्ऋत्येला, जयसिंहपुऱ्यात क्षिप्रेच्या काठावर आहे. गावात तिला जंतरमंतर म्हणतात, तर जुनी माणसे यंत्रमहाल. इंदूर इथून साधारण ५५ किलोमीटर. तिथे शिकायला राहिलेल्या मराठी मुलांची उज्जैनची सहल सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परतते. महाकाळाचे दर्शन झाले की बहुतेक गट परतीच्या गाडीला लागतात, आणि शहरातली शिकण्यासारखी सर्वांत मोठी जागा बघायची राहून जाते.

जयपूरचे सवाई जयसिंह हे मोगलांचे माळव्याचे सुभेदार होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैनच्या निवडीमागे जुनी परंपरा होती. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा या नगरीवरून धरली जाई आणि ग्रहगणित इथल्या वेळेवर बेतलेले असे. पुढे माळवा मराठ्यांकडे आला, राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचे मंदिर पुन्हा उभारले. वेधशाळा मात्र पडीक राहिली. तिचा जीर्णोद्धार १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केला. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिची व्यवस्था पाहिली. १९४२ पासून इथून ग्रहस्थितीचे पंचांग निघू लागले.

आवारात सम्राट, नाडीवलय, दिगंश, भित्ती आणि शंकू ही यंत्रे आहेत. सम्राट यंत्र म्हणजे एक त्रिकोणी भिंत. तिची तिरकी कड उज्जैनच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे सुमारे २३ अंशांच्या कोनात चढते आणि ध्रुवाकडे रोखलेली असते. दोन्ही बाजूंच्या कमानींवर तास-मिनिटांच्या खुणा आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. तिथली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, आणि मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. त्यामुळे सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो. शिवाय सूर्य वर्षभर एकाच चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर इथला खरा मध्यान्ह घड्याळात बारा वाजून एकेचाळीस मिनिटांच्या सुमारास होतो, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून अकरा मिनिटांच्या आसपास.

नाडीवलय यंत्राला दोन तबकड्या आहेत. सूर्य उत्तर गोलार्धात असताना उत्तरेची तबकडी उजळते, दक्षिणेत असताना दक्षिणेची. विषुवदिनाला हा पालट होतो. भित्ती यंत्रावर मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजतात, दिगंशावर ग्रहताऱ्यांची दिशा.

सर्वांत साधे आणि मुलांसाठी सर्वांत मोलाचे आहे शंकू यंत्र: सपाट गोल ओटा आणि मधोमध उभा शंकू. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडेसेच उत्तरेला आहे. त्यामुळे २१ जूनच्या मध्यान्ही मीटरभर उंच काठीची सावली इथे जेमतेम साडेचार मिलिमीटर भरते आणि तीही दक्षिणेकडे पडते. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो या तारखेच्या सुमारे नऊ दिवस आधी आणि नऊ दिवस नंतर. २२ डिसेंबरला त्याच काठीची सावली उत्तरेला मीटरभराहून थोडी लांब जाते. या दोन टोकांवरून उज्जैनचा अक्षांश आणि पृथ्वीच्या अक्षाचा कल दोन्ही काढता येतात. त्यासाठी शाळेतले त्रिकोणमितीचे कोष्टक पुरते.

सहल आखणाऱ्यांनी महाकाळ सकाळी आटोपून साडेअकराच्या आत वेधशाळा गाठावी, तासभर तरी थांबावे आणि मुलांच्या हाती पट्टी, वही व बरोबर लावलेले घड्याळ द्यावे. ढगाळ दिवशी यंत्रे नुसत्या भिंती वाटतात, म्हणून पावसाळा टाळावा. २१ जूनलाच यायचे असेल, तर महिदपूर तालुक्यातल्या डोंगल्यालाही जावे. कर्कवृत्तावरच्या त्या गावी आधुनिक वेधशाळा आहे.