फादर स्टीफन्स आणि त्यांचें ख्रिस्तपुराण

मराठी भाषेची थोरवी ज्या कवींनीं मुक्तकंठानें गाइली, त्यांत ज्ञानेश्वरांच्या मागोमाग एका इंग्रज धर्मोपदेशकाचें नांव घ्यावें लागतें, ही गोष्ट प्रथम ऐकणारास नवलाची वाटते. हे धर्मोपदेशक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. मराठीच्या स्तुतिपर त्यांच्या चार-दोन ओव्या पुष्कळांच्या परिचयाच्या असतात. परंतु ज्या ग्रंथांत त्या आहेत, तो जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ कोणासाठीं व कोणत्या काळांत रचला गेला, याचा विचार सहसा होत नाहीं.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. त्यांच्या तरुणपणीं त्या देशांत रोमन कॅथलिक पंथाचें उघड आचरण करणें संकटाचें झालें होतें. त्यांनीं रोम गांठलें व १५७५ मध्यें ते जेझुइट संघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें जहाज त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. १६१९ मध्यें गोव्यांतच त्यांचा अंत झाला. मधलीं चाळीस वर्षें बहुतांशीं साष्टी प्रांतांत गेलीं. ही साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे, तर मडगांव व रायतूर ज्या भागांत आहेत ती गोव्यांतील साष्टी.

तो काळ शांततेचा नव्हता. १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशनचें धर्मन्यायालय सुरू झालें होतें, आणि १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पोर्तुगीज सत्तेनें पाडून टाकलीं होतीं. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीच्या संतप्त गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार केलें. त्यानंतर सरकारनें गांवच्या प्रमुखांस बोलावून घेऊन मारलें. आपल्या सोबत्यांचे मृतदेह परत मिळविण्याचें दुःखद काम स्टीफन्स यांच्या वांट्यास आलें. असा प्रसंग पाहिलेला मनुष्य कडवट झाला असता, तरी कोणास आश्चर्य वाटलें नसतें. परंतु त्याच वर्षीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, असें त्यांनीं नमूद केलेलें आढळतें. सर विल्यम जोन्स यांनीं हाच विचार १७८६ मध्यें मांडला, तो दोनशें वर्षांनंतर!

नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांची अडचण निराळीच होती. त्यांचीं जुनीं पुराणें त्यांच्या हातून काढून घेण्यांत आलीं होतीं, आणि त्या जागीं कांहींच आलें नव्हतें. ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या पुराण ऐकण्याचा परिपाठ, त्यांचें नुसत्या प्रश्नोत्तरांच्या पाठांतरानें समाधान कसें व्हावें? ग्रंथाच्या प्रारंभीं एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूस हेंच विचारतो व आपल्या भाषेंत पुराण मागतो. या मागणीचें उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण होय.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्याचे ३६ अवस्वरू म्हणजे अध्याय असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीची कथा येते. दुसऱ्याचे ५९ असून त्यांत येशूचें चरित्र आहे. ग्रंथाची भाषा मराठी. पण सामान्य जनांस कळावी म्हणून तींत कोंकणी शब्दांचें मिश्रण केलेलें. छंद ओवीचा, आणि शब्दही येथल्याच मातीचे. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात. मूर्तिपूजेचा निषेध त्यांनीं सोडला नाहीं, कारण ते अखेर धर्मप्रचारक होते. पण तो निषेध ज्या वाणींत उतरला, ती वाणी त्यांनीं येथील संतांपासूनच घेतली. स्टीफन्स हे एकनाथांचे समकालीन, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या वाणीचें मोल कळतें.

हें पुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें, तें मात्र रोमन लिपींत. याचें कारण स्टीफन्स यांच्या १६०८ च्या एका पत्रांत सांपडतें. या देशाच्या लिपींत पुस्तकें छापावीं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. परंतु युरोपांत २४ अक्षरांवर भागतें, आणि येथें बाराखडीमुळें सुमारें ६०० साचे पाडावे लागतात, तें काम अशक्य वाटलें. त्यांचें कोंकणी भाषेचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्यें, प्रसिद्ध झालें. भारतीय भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून त्याची गणना होते.

पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्यें निघाल्या. पुढें वारा फिरला. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. छापील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरीही ग्रंथ वांचला. नाना कारणांनीं गोवा सोडून दक्षिण कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. अशा प्रतींच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तो पुन्हां छापला. देवनागरींतील हस्तलिखित लंडनच्या मार्सडन संग्रहांत मिळालें, आणि १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरी आवृत्ति काढली. ज्या लिपीसाठीं स्टीफन्स यांनीं साचे इच्छिले होते, त्या लिपींत त्यांचा ग्रंथ छापला जाण्यास ३४० वर्षें लागलीं.

राजसत्तेच्या हुकुमानें भाषा मरत नाहीं, आणि बाहेरून आलेला म्हणून कोणी तिला परका राहत नाहीं, हे दोन्ही धडे या एका ग्रंथाच्या इतिहासांत आहेत. ज्या घरीं मराठी जन्मतःच मिळाली आहे, तेथें ती शिकण्याचे कष्ट कोणासच पडत नाहींत. म्हणूनच तिची किंमत कधींकधीं विसरली जाते. विल्टशायरच्या या मनुष्यानें ती कष्टानें मिळविली, आणि जन्मभर सांभाळली.