वादळापूर्वींचे खेळ

मुरुडहून दिवेआगराकडे जाणारे प्रवासी आगरदांड्यास मोटारीसह तरीवर चढतात आणि राजपुरीची खाडी ओलांडून थोड्याच वेळांत दिघीस उतरतात. समुद्राच्या अंगास जंजिऱ्याचा तट दिसतो, मुलें कठड्याशीं गर्दी करतात, आणि हें पाणी कधीं वैरी होईल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. परंतु श्रोतेहो, २०२० सालच्या जून महिन्याच्या ३ तारखेस 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ दुपारच्या सुमारास ह्याच किनारपट्टीवर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा ह्या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचीं कौलें आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले, दूरध्वनि मुके झाले. हवामानखात्यानें इशारा आधीं दिला होता आणि हजारों माणसें वेळेवर हलविलीं गेलीं होतीं, म्हणूनच प्राणहानि त्या मानानें थोडी झाली.

इशारा देणें हें सरकारचें काम. परंतु इशारा आल्यावर घरांत काय करावयाचें, हें घरांतल्या माणसांस ठाऊक असावें लागतें. मुलांस हें शिकवावें कसें? व्याख्यान देऊन नव्हे. दहा वर्षांच्या मुलापुढें आपत्ति ह्या विषयावर अर्धा तास बोलल्यास त्याला जी आपत्ति कळते ती वक्त्याचीच! बेडन-पॉवेलसाहेबांनीं १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर पहिली बालवीर-छावणी भरविली, तेव्हां त्यांचा भर खेळावर होता. आणि 'तयार रहा' हें ब्रीद तेव्हांपासून जगभरच्या बालवीरांनीं उचललें. आपल्याकडे मात्र ही तयारी पुष्कळदां गणवेशाच्या इस्त्रीपाशींच संपते, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

दिघीसारख्या गांवांतील पथकानें कोणते खेळ खेळावे, हें आतां पाहूं. पहिला खेळ 'किम'चा. मुंबईंत जन्मलेल्या किपलिंगनें आपल्या कादंबरींतल्या पोराला तबकांतल्या वस्तु क्षणभर पाहून आठवावयास लावलें, आणि बेडन-पॉवेलसाहेबांनीं तोच खेळ बालवीरांना दिला. तबकांत गोट्या आणि बटणें कशाला हवींत? विजेरी, तिचे मसाले, मेणकापडांत गुंडाळलेली काड्यापेटी, शिधापत्रिका, आजीचीं औषधें, शिटी, पाण्याची बाटली, बिस्किटें, दोरी, चिंध्यांच्या पट्ट्या असे जिन्नस मांडावे. मिनिटभर दाखवून वर फडकें टाकावें. दुसऱ्या खेपेस एक जिन्नस गुपचूप काढून घ्यावा आणि काय गेलें तें विचारावें. चार रविवारांत घरांतली अडचणीची पिशवी मुलांच्या तोंडीं बसते. मग आंधळी कोशिंबीर. वादळाच्या रात्रीं घर काळोखांत असणार, तेव्हां डोळे बांधून ती पिशवी जागेवरून आणावयाची. गंमत अशी कीं, ह्या खेळांत बहुधा घरची आईच पकडली जाते. कारण पिशवीची जागा तिनें झाडतांना बदललेली असते.

दुसरा खेळ निरोपाचा. बंदरावर वादळाचे बावटे १ पासून ११ पर्यंत ठरलेले आहेत. दहावा महासंकटाचा, हें पुष्कळांस ठाऊक असतें. अकराव्याचा अर्थ मात्र निराळा: वादळाची खबर देणाऱ्या केंद्राशीं दळणवळण तुटलें आहे आणि हवा बिघडेल असें स्थानिक अधिकाऱ्यास वाटतें. म्हणजे बातमी न येणें हीच बातमी! १७ जुलै १९४७ रोजीं 'रामदास' बोट मुंबईहून रेवसास जातांना काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. कित्येक तास मुंबईस तिची वार्ताहि नव्हती. म्हणून मुलांच्या दोन टोळ्या कराव्या. एकीनें धक्क्यावरून, दुसरीनें गांवाच्या टोंकावरून, हातांतले बावटे अथवा शिटी ह्यांनीं, नाहींतर धांवत्या मुलाच्या तोंडीं, एकच निरोप पोंचवावा: कोठें, काय झालें, किती माणसें, काय हवें. चार गोष्टी, पांचवी नाहीं. शेवटच्या मुलानें सांगितलेला निरोप पहिल्याच्या कागदाशीं ताडून पहावा. 'दोन माणसें अडकलीं' ह्याचीं 'दहा माणसें बुडालीं' कशीं होतात, हें एकदां हंसत हंसत पाहिलेला मुलगा पुढें अफवा पसरवीत नाहीं.

तिसरा खेळ दोरीचा, आणि येथें मी फार सावध आहे. बुडणाऱ्यास वांचविण्यासाठीं पोहतां येणारा धाडसी मुलगा उडी घेतो, बुडणारा त्याच्या गळ्यास मिठी मारतो, आणि दोघेहि जातात. म्हणून ह्या खेळांत पाण्यांत पाऊल टाकणारा बाद! सुका, न सोललेला नारळ दोरीच्या टोंकास घट्ट बांधावा. तो तरंगतो आणि किनाऱ्यावर फुकट मिळतो. वाळूवर रेघ ओढून पलीकडे बसलेल्या सोबत्याच्या अंगावर नव्हे, तर डोक्यापलीकडे, तो फेंकावा, म्हणजे दोरी ओढतांना आपसूक हातीं येते. ओढणाऱ्यानें आडवें पडावें, नाहींतर तोच ओढला जातो. भरतीच्या वेळीं मात्र हा खेळ वाळूवरहि नको, आणि एखादा जाणता कोळी पंच म्हणून असावा. त्याच्याइतकी ओहोटीची ओढ पुस्तकास कळत नाहीं.

चौथा खेळ मुलांस सर्वांत आवडेल. चक्रीवादळाचा मध्य, ज्यास 'डोळा' म्हणतात, गांवावरून गेला तर वारा एकाएकीं पडतो, क्वचित् ऊनहि पडतें. लोक उडालेलीं कौलें गोळा करावयास बाहेर येतात, आणि थोड्या वेळानें वारा उलट दिशेनें तितक्याच जोरानें झोडपूं लागतो. तेव्हां आंगणांत चौकट आंखावी. नायकाची पहिली शिटी म्हणजे वारा, सर्वांनीं चौकटींत बसावें. शिटी थांबली कीं शांतता. जो बाहेर पडेल तो गेला! तिसरी शिटी, म्हणजे अधिकृत सूचना, झाल्यावरच उठावयाचें. शांततेचा काळ नायकानें मुद्दाम लांबवावा. मुलांस तें असह्य होतें, आणि नेमकें तेंच शिकावयाचें असतें.

खेळ संपल्यावर प्रत्येक मुलानें घरीं एकच प्रश्न विचारून यावें: गॅसची टाकी आणि विजेचें मुख्य बटण कोण बंद करील? बहुतेक घरांत उत्तर येतें, 'आई'. मग पुढच्या रविवारीं नायकानें विचारावें, 'आणि आई बाजारांत गेली असेल तर?'