पाण्यावांचून उमटणारें क्ष-किरण-चित्र

आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, ती आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं कपाटांत कोठें तरी ठेवलेली असते. मोठ्या पाकिटांतील, निळसर झांक असलेली आणि उजेडासमोर धरली म्हणजे छातीच्या फांसळ्या किंवा मेंदूचे छेद दाखविणारी ती काळी फिल्म! एकदां डॉक्टरांस दाखविली कीं तिचें काम संपलें, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः तिचें महत्त्वाचें काम पुष्कळदां त्यानंतरच सुरू होतें. फुप्फुसांत एखादी लहानशी घन गांठ दिसली, म्हणजे डॉक्टर प्रथम विचारतात, "पूर्वीं काढलेली फिल्म आहे काय?" तीच गांठ दोन वर्षें किंवा त्याहून अधिक काळ होती तेवढीच राहिली असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी समजतात. ती नवी असेल, तर पुढील तपासण्या, क्वचित् शस्त्रक्रियाहि, ओढवतात. अशी साक्ष देणाऱ्या फिल्मची घडण आतां बदलली आहे. म्हणून तिची निगा कशी राखावी हेंहि नव्यानें समजून घेतलें पाहिजे.

प्रथम जुनी रीत पाहूं. १८९५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला आणि आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र छायाचित्रणाच्या कांचेवर घेतलें. पुढें कांचेच्या जागीं फिल्म आली, तरी कृति तीच राहिली. फिल्मवरील जिलेटिनच्या थरांत चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असत. ज्या कणांवर किरणांचा परिणाम झाला असेल, ते डेव्हलपरच्या द्रावणांत काळ्या चांदीचें रूप घेत. नंतर हायपोच्या द्रावणांत बाकीचे क्षार विरघळून निघून जात, आणि शेवटीं फिल्म पाण्यानें धुऊन वाळवीत. त्यासाठीं अंधारी खोली, मंद तांबडा दिवा, रसायनांचीं टांकीं आणि भरपूर पाणी लागे. १९५६ सालीं कोडॅक कंपनीचें, रुळांवरून फिल्म आपोआप पुढें नेणारें यंत्र आलें. मनुष्याचे श्रम वांचले, पण रसायनें आणि पाणी सुटलीं नाहींत. शिवाय चांदी मिसळलेलें तें सांडपाणी नुसतें गटारांत सोडणें हितावह नव्हतें.

१९७१ सालीं इंग्लंडमध्यें सीटी स्कॅन यंत्रानें पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासण्यांत आला, आणि वैद्यकीय चित्र आंकड्यांच्या रूपानें जन्म घेऊं लागलें. अशा चित्राची फिल्म किरणांसमोर धरावी लागत नाहीं. ती संगणकांतील आंकड्यांवरून छापतां येते. १९९० नंतरच्या दशकांत या छपाईसाठीं कोरडी फिल्म प्रचारांत आली.

या फिल्मचा आधार पॉलिएस्टरचा असतो. त्यावरील थरांत बेहेनिक अम्लापासून बनविलेला चांदीचा क्षार आणि उष्णता लागतांच त्यांतील चांदी मोकळी करणारें द्रव्य हीं शेजारीं शेजारीं बसविलेलीं असतात. हें अम्ल आपल्या ओळखीच्याच पदार्थांतलें; शेवग्याच्या बियांच्या आणि भुईमुगाच्या तेलांत तें थोड्या प्रमाणांत असतें. छपाईचे मार्ग दोन आहेत. पहिल्यांत थरामध्यें प्रकाशास जाणणारा चांदीचा दुसरा एक क्षार किंचित् मिसळलेला असतो. लेसरचा किरण त्यावर अदृश्य चित्र लिहितो, आणि मग सुमारें १२० अंश सेल्सिअस तापलेल्या भागावरून फिल्म कांहीं सेकंद नेली म्हणजे तें दृश्य होतें. दुसऱ्या मार्गांत प्रकाशाचा संबंधच नाहीं. हजारों सूक्ष्म तप्तबिंदूंची एक पट्टी असते. तिच्याखालून फिल्म सरकते, आणि जेथें जितकी उष्णता लागेल तेथें तितकी काळी चांदी उमटते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षां साध्या कागदावर चित्र कां छापूं नये, असें कोणी विचारील. फिल्मच्या अगदीं काळ्या भागांतून पडलेल्या प्रकाशाचा हजारावा हिस्साच पलीकडे जातो. स्वच्छ भाग आणि हा काळा भाग यांच्या दरम्यान करड्या रंगाच्या जितक्या छटा सामावतात, तितक्या कागदावर सामावत नाहींत. आणि हाडांतील बारीक चीर किंवा फुप्फुसांतील फिकट डाग म्हणजे दोन छटांमधील किंचित् फरकच होय. म्हणून छपाईयंत्राची परीक्षा नमुनाचित्र छापून करितात. त्यांतील पूर्ण काळ्या चौकोनांत शेंकडा ५ इतकाच फिका असा एक लहान चौकोन असतो. तो स्पष्ट दिसला नाहीं, तर यंत्र दुरुस्त केल्यावांचून त्यावर रुग्णाचें चित्र छापूं नये.

आतां मुख्य मुद्दा. जुन्या फिल्ममधील न वापरलेला क्षार हायपोनें काढून टाकलेला असे. कोरड्या फिल्ममधून कांहींच धुऊन जात नाहीं; चित्र उमटविणारीं द्रव्यें तिच्या अंगींच राहतात. नेहमींच्या तपमानांत तीं स्वस्थ असतात, परंतु तीव्र उष्णता लागली तर फिल्म पुन्हां काळवंडूं लागते आणि छटांमधील फरक बुजतो. म्हणून ती उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत, चुलीजवळ अगर तापणाऱ्या पत्र्याखालीं ठेवूं नये. टिकावी म्हणून तिला उष्णतेनें प्लास्टिकचें आवरण चढविणें, म्हणजे लॅमिनेशन करणें, हा तर तिचा नाश करण्याचा हमखास उपाय! थंड, कोरडी, अंधारी जागा पाहून ती पाकिटांतच ठेवावी आणि पाकिटावर तारीख लिहावी.

आणखी एक गोष्ट. सीटी स्कॅनमध्यें चार हजारांवर पायऱ्यांचे आंकडे असतात. फिल्मवर त्यांतील निवडक पट्टाच छापतात. हाडांसाठीं छापलेल्या चित्रांत फुप्फुसाचा तपशील मागाहून शोधतां येत नाहीं. मूळ आंकड्यांवरून मात्र तो पुन्हां काढतां येतो. यास्तव फिल्मबरोबर तपासणीची डिस्क किंवा संगणकीय प्रतहि मागून घ्यावी आणि दोन्ही एकत्र जपाव्या. पुढें एखाद्या दिवशीं जुनी गांठ कीं नवी, हा प्रश्न घरांतल्या कोणाविषयीं उभा राहिला, तर डॉक्टरांना त्याचें उत्तर त्या पाकिटांत मिळूं शकेल.