गुळवेल

गुळवेल (शास्त्रीय नाव: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, संस्कृत: गुडूची, अमृता) ही हृदयाकृती पानांची बहुवर्षायू औषधी वेल आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या पानझडी वनांत ती आढळते. औषधात प्रामुख्याने खोड वापरतात. कडुनिंबावर चढलेली वेल विशेष गुणकारी मानली जाते.

सुरक्षितता

कोविड-१९ च्या साथीत प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला जाऊ लागला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसायला सारख्या जातीशी गल्लत झाली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील १३ केंद्रांच्या अभ्यासात असे ४३ रुग्ण नोंदविले गेले.

घ्यावयाची काळजी

वनस्पती जंगलातील असली तरी ती सर्वांना निर्धोक असतेच असे नाही. वेलीची ओळख जाणकाराकडून पटविणे आणि वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ सेवन टाळणे आवश्यक असते. यकृताचे विकार किंवा संधिवातासारखे स्वयंप्रतिकार विकार असणाऱ्यांनी, मधुमेहावरील औषधे घेणाऱ्यांनी व गर्भवतींनी ती परस्पर घेऊ नये. डोळे पिवळे होणे किंवा लघवी गडद होणे ही लक्षणे दिसताच सेवन थांबवून डॉक्टरांना दाखवावे व घेतलेल्या काढ्याची माहिती द्यावी.