नशापाण्याची मोजदाद : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

१८९३ साली हिंदुस्थान सरकारने गांजा, भांग आणि चरस यांच्या सेवनाची चौकशी करण्यासाठी जे कमिशन नेमले, त्याच्यापुढे १,१९३ साक्षीदारांच्या जबान्या आल्या, आणि गांजाने माणूस वेडा होतो ही गोष्ट त्यांतील अनेकांनी निर्विवाद सत्य म्हणून सांगितली. त्या काळी या समजुतीचा मोठा आधार म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या. कमिशनने त्या नोंदवह्याच तपासावयास घेतल्या. १८९२ मध्ये दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावांपुढे ‘वेडाचे कारण’ या रकान्यात गांजा-भांग लिहिलेली होती. परंतु एकेक प्रकरण मुळापासून उकलून पाहिल्यावर, ते कारण संभवनीय मानता येईल अशी प्रकरणे ९८ च भरली. रस्त्यावर सापडलेला, आपले नावगावही धड सांगू न शकणारा मनुष्य पोलीस हजर करीत. त्याच्याबरोबरच्या कागदावर ऐकीव माहितीवरून कोणीतरी ‘गांजा’ असे लिही. इस्पितळातील कारकून तो शब्द इमानेइतबारे वहीत उतरवून घेई. आणि पुढे सरकारी अहवालात छापला गेला की त्याच शब्दाला शास्त्रीय पुराव्याची प्रतिष्ठा प्राप्त होई. नोंद आहे म्हणजे ती खरी आहे, हा या विषयातील सर्वांत जुना गैरसमज, आणि माझ्या मते आजही सर्वांत हानिकारक.

जप्तीच्या आकड्यांबाबत तो नित्य दृष्टीस पडतो. यंदा मुद्देमाल दुप्पट सापडला, तेव्हा नशाही दुप्पट झाली, असे अनुमान वर्तमानपत्र वाचणारा सहज काढतो. वस्तुतः जप्तीवरून पोलीस आणि अबकारी खात्याने किती ठिकाणी, किती जोमाने धाडी घातल्या हे प्रथम कळते. आणि न्हावाशेवासारख्या बंदरात पकडलेला माल याच मुलखात खपणार होता की पुढे जाणार होता, हे पंचनाम्यावरून सांगता येत नाही. व्यसनमुक्ती केंद्राच्या नोंदवहीचीही तीच कथा. २०१८ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी जी देशव्यापी पाहणी केली, तीत दारूवर पूर्णतः अवलंबून असलेल्या साधारण ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारचे उपचार लाभल्याचे दिसले. उरलेले ३७ कोणत्याही दप्तरात नाहीत. केंद्रांच्या नोंदींवरच विसंबणारा संशोधक त्यांना अस्तित्वातच नाहीत असे धरून चालेल.

म्हणूनच घरोघर जाऊन विचारावे लागते. त्या पाहणीत २,००,१११ घरे आणि ४,७३,५६९ माणसे गाठण्यात आली. यावर ठरलेला आक्षेप असा की, परक्या माणसाला खरे कोण सांगणार? आक्षेप रास्त आहे, पण संशोधकांनी तो आपल्याआधीच विचारात घेतलेला असतो. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यावर जी युक्ती सुचविली, तिचे एक सुलभ रूप असे : उत्तर देणाऱ्याने आडोशाला नाणे उडवावे, छाप पडल्यास काहीही असो, ‘होय’ म्हणावे, आणि काटा पडल्यास खरे उत्तर द्यावे. हजार माणसांत ५६० ‘होय’ आले, तर त्यांतील सुमारे ५०० नाण्याचे. उरलेले ६० हे काटा पडलेल्या ५०० जणांपैकी, म्हणजे प्रमाण १२ टक्के. अमुक एका माणसाचे ‘होय’ नाण्याचे की मनाचे, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही, आणि तरीही समुदायाचे सत्य हाती लागते. युरोपातील शाळकरी मुलांच्या पाहणीत तर यादीमध्ये अस्तित्वातच नसलेल्या एका औषधाचे बनावट नाव घालीत, म्हणजे बढाई मारून सगळ्यालाच ‘घेतले आहे’ म्हणणारा मुलगा ओळखू येई.

परंतु लपवाछपवीपेक्षा प्रश्नाची शब्दयोजनाच अधिक घात करते, हे आपल्याकडच्या एका उदाहरणाने पटेल. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असे एखाद्या घरी विचारले, तर ओसरीवर बसलेली आजी मनापासून उत्तर देईल, “छे गं बाई, आमच्या घरात कुणी शिवतसुद्धा नाही तंबाखूला.” आणि तिच्या बोटाला मशेरी लागलेली असेल. ती खोटे बोलत नाही. तव्यावर भाजून कुटलेली ती काळी पूड तिच्या लेखी दात घासण्याची वस्तू आहे. म्हणून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढांच्या तंबाखू-पाहणीत धूरविरहित तंबाखू हा एकच मोघम प्रश्न न ठेवता पानातली तंबाखू, खैनी, गुटखा, मशेरी असे प्रकारवार विचारले होते. प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक तंबाखू सेवन करतात हा त्या पाहणीचा आकडा अशा खोदून विचारण्यातून आलेला आहे.

दुसरा समज असा की, सेवन म्हणजे व्यसन. २०१८ च्या पाहणीत १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पिणारे आढळले, पण अवलंबित्वाच्या अवस्थेला पोहोचलेले २.७ टक्के. या दोहोंची गल्लत झाली की उपचारांची तरतूद कोणासाठी करावयाची याचाच मेळ बसत नाही.

अलीकडे सांडपाणी तपासून नशेचा अंदाज घेतात, हे ऐकून सरकार आता घराघरातील मोरीत डोकावणार, अशी भीती काहींना वाटते. २००५ मध्ये इटलीतील मारिओ नेग्री संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पो नदीच्या पाण्यावरून हिशेब मांडला की, दररोज सुमारे ४ किलो कोकेनच्या सेवनाइतका अवशेष त्या नदीतून वाहत आहे. त्यांनी मोजले ते मुख्यतः कोकेन शरीरात गेल्यावर तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारे द्रव्य. त्यामुळे कोणी घाबरून पुडी मोरीत रिकामी केली, तरी तिचा हिशेब निराळा काढता येतो. अशा तपासणीचा नमुना घेतात तो हजारो-लाखो माणसांचे पाणी एकत्र आलेल्या ठिकाणी, त्यामुळे त्यावरून कोणाचेही घर ओळखता येत नाही. तसेच एकाच माणसाने दहा वेळा घेतले की दहा माणसांनी एकेकदा, हेही त्या पाण्याला सांगता येत नाही; म्हणून माणसांना विचारण्याला ते पर्याय ठरत नाही.

आणि घरोघरच्या पाहणीत न येणारी माणसे? त्यांच्यासाठी डग्लस हेकेथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. सुई टोचून नशा करणाऱ्या एखाद्याला विश्वासात घेऊन प्रश्न विचारावयाचे, मग नाव नसलेली, केवळ क्रमांकाची दोन-तीन कुपने त्याच्या हाती द्यावयाची. ती त्याने आपल्यासारख्या ओळखीच्यांना द्यावयाची, आणि त्यांनी पुढे. ज्याच्या ओळखी फार, तो पाहणीत सापडण्याचा संभवही फार, म्हणून प्रत्येकाच्या ओळखींची संख्या विचारून हिशेब दुरुस्त करतात. भारताच्या पाहणीत या मार्गाने १३५ जिल्ह्यांतील ७२,६४२ माणसे बोलती झाली.

मुलांची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन त्या पाहणीत १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के निघाले. पंक्चर काढण्याचे सोल्यूशन फडक्यावर ओतून, ते मुठीत धरून नाकाशी नेणारा फलाटावरचा मुलगा कोणत्या शिधापत्रिकेत असतो? घरांच्या यादीत त्याचा उंबरठाच नाही. त्याला मोजावयाचे तर पाहणी करणाऱ्याने रात्री गाड्या थांबल्यावर, त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या पोराला बरोबर घेऊन, स्वतः त्या फलाटावर जाऊन बसले पाहिजे.